ताई ची : संथ व्यायामातून आरोग्यसंवर्धन आणि रोगप्रतिबंध (केशोरी परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

ताई ची हा चीनमध्ये युद्धकलेतून विकसित झालेला संथ गतीचा व्यायामप्रकार आहे. गेल्या सुमारे ३० वर्षांत त्याच्या आरोग्यविषयक परिणामांचा नियंत्रित प्रयोगांद्वारे अभ्यास झालेला आहे. वृद्धांचे तोल जाऊन पडणे, उच्च रक्तदाबाची पूर्वावस्था, गुडघ्याची संधिझीज आणि कंपवात या बाबतींत त्याचे उपयुक्त परिणाम आढळलेले आहेत. प्रस्तुत लेखात ताई चीची संकल्पना, तिचे कार्यतत्त्व, संशोधनातील निष्कर्ष व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करून गोंदिया जिल्ह्यातील केशोरीसारख्या धानशेतीच्या ग्रामीण परिसरात तिचे उपयोजन कसे होऊ शकेल, याचा विचार केलेला आहे.

बीजसंज्ञा : ताई ची, संथ व्यायाम, शारीरिक तोल, रोगप्रतिबंध, वार्धक्य, ग्रामीण आरोग्य, योग.

प्रस्तावना

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, ही जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली स्वीकारलेली व्याख्या सर्वपरिचित आहे. परंतु व्यवहारात आरोग्याचा विचार बहुधा रोग झाल्यानंतरच सुरू होतो. शहरात ही चूक काही अंशी निभावून जाते, कारण रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. दुर्गम भागात मात्र तिची किंमत मोठी असते.

केशोरी हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातील, गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील गाव. एका बाजूस नवेगावबांधचे अरण्य, दुसऱ्या बाजूस गडचिरोली जिल्ह्याची हद्द आणि जवळच गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, असा हा परिसर आहे. धान हे येथील मुख्य पीक असून केशोरीची मिरचीही प्रसिद्ध आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला आणि २०१६ साली गोंदिया येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही जिल्ह्याच्या टोकावरील एखाद्या वृद्धेच्या खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रक्रियेसाठी गोंदिया किंवा नागपूर गाठणे, सोबत घरातील एका कमावत्या व्यक्तीचा रोज बुडणे आणि पुढे कित्येक महिने अंथरुणाला खिळणे, हे सर्व त्या कुटुंबाला सोसावे लागते. असे पडणे टाळता आले तर हा सारा खर्च व यातना टळतात. या दृष्टीने, कोणतेही साहित्य न लागणारा आणि उतारवयातही झेपणारा ताई चीसारखा व्यायाम अभ्यासाचा विषय ठरतो.

ताई ची : अर्थ व संकल्पना

'ताई ची' हा शब्द मराठी वाचकाला प्रथमदर्शनी 'ताईची' अशा षष्ठी विभक्तीच्या रूपासारखा भासतो. या व्यायामाचे पूर्ण नाव मूळ चिनी उच्चारानुसार 'ताइजिच्वान' असे आहे. 'ताइजि' म्हणजे परम टोक किंवा परमावस्था आणि 'च्वान' म्हणजे मूठ, अर्थात मुष्टियुद्ध. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या नावातील 'ची' म्हणजे प्राणशक्ती, असे अनेकदा सांगितले जाते. चिनी परंपरेत प्राणशक्तीसाठी वापरला जाणारा 'ची' हा शब्द वेगळा असून त्याचे लिपिचिन्हही वेगळे आहे.

चिनी तत्त्वविचारात 'यिन' आणि 'यांग' ही परस्परपूरक तत्त्वे मानली आहेत. स्थिरता व गती, मृदुता व कठोरता, रिक्तता व पूर्णता या जोड्या त्यांतूनच येतात. ताई चीमध्ये हा विचार प्रत्यक्ष देहाच्या पातळीवर उतरतो. शरीराचा भार ज्या पायावर असतो तो पाय 'भरलेला' आणि ज्यावर नसतो तो 'रिता' मानला जातो. भरलेला पाय हळूहळू रिता करणे आणि रिता पाय हळूहळू भरणे, हा संपूर्ण अभ्यासाचा गाभा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ताई चीचा उगम वुडांग पर्वतावरील झांग सानफेंग या साधूपासून झाला आणि पक्षी व सर्प यांची झुंज पाहून त्याला ही कला सुचली, अशी आख्यायिका आहे. इतिहासाच्या कसोटीवर मात्र या कलेचा माग सतराव्या शतकापर्यंत आणि हेनान प्रांतातील चेनजियागौ या खेड्यापर्यंत लागतो. तेथील चेन वांगटिंग हा या परंपरेचा प्रवर्तक मानला जातो. यांग लुचान (१७९९–१८७२) याने चेन घराण्याकडून ही कला आत्मसात करून ती बीजिंगला नेली. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने तिला सर्वसामान्यांना झेपेल असे संथ व विस्तृत हालचालींचे रूप दिले. पुढे चेन, यांग, दोन वेगवेगळ्या वू आणि सुन अशा पाच प्रमुख शैली रूढ झाल्या.

१९५६ साली चीनच्या शासकीय क्रीडा यंत्रणेने यांग शैलीवर आधारित २४ हालचालींचा संक्षिप्त क्रम तयार केला. हा क्रम पूर्ण होण्यास सुमारे ५ ते ६ मिनिटे लागतात. घराणेबद्ध युद्धकलेचे सार्वजनिक व्यायामात रूपांतर होण्यात या घटनेचा वाटा मोठा आहे. २०२० साली युनेस्कोने ताइजिच्वानचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला. भारतीय योगाचा समावेश त्यापूर्वी २०१६ साली झालेला होता.

क्रीडाक्षेत्रात ताई ची 'वुशू' या खेळाचा भाग आहे. वुशूचा आशियाई क्रीडा स्पर्धांत १९९० पासून अंतर्भाव असून आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्येही हा खेळ आहे. मात्र स्पर्धेतील ताई ची आणि आरोग्यासाठीची ताई ची यांत फरक करावा लागतो. पहिलीत खोल बैठका व प्रेक्षणीयता यांना महत्त्व असते, तर दुसरीत सुलभता व सातत्य यांना.

अभ्यासाचे स्वरूप

ताई चीच्या हालचालींची नावे निसर्गातून व नित्यव्यवहारातून घेतलेली आहेत. 'वन्य घोड्याची आयाळ विंचरणे', 'ढगांसारखे हात', 'सोनेरी कोंबडा एका पायावर' ही काही उदाहरणे. त्यांतील 'पांढरा क्रौंच पंख पसरतो' ही हालचाल गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला विशेष जवळची वाटावी, कारण महाराष्ट्रात सारस क्रौंच मुख्यत्वे याच जिल्ह्यातील तलाव व धानाच्या बांध्यांमध्ये आढळतो. बांधीत एक पाय उचलून निश्चल उभा राहणारा आणि मग अत्यंत सावकाश पुढचे पाऊल टाकणारा सारस ज्याने पाहिला आहे, त्याला ताई चीची गती निराळी समजावून सांगावी लागत नाही.

अभ्यासाची प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. गुडघे किंचित वाकवून, पाठीचा कणा ताठ पण सैल ठेवून उभे राहणे.
२. पाऊल टाकताना प्रथम टाच टेकवणे व मगच त्यावर भार देणे.
३. हातांची हालचाल केवळ खांद्यातून न करता कमरेच्या वळणाशी जोडणे.
४. श्वास नैसर्गिक, खोल व पोटातून घेणे. तो रोखून न धरणे.
५. दृष्टी हाताच्या दिशेने सरकवणे व मन चालू हालचालीवर ठेवणे.
६. एका हालचालीतून दुसरीत खंड न पडता जाणे.

ताई चीला लागणारी ऊर्जा स्वस्थ बसून राहण्याच्या सुमारे ३ पट असते. म्हणजे मध्यम गतीने चालण्याइतकाच हा व्यायाम आहे. त्यात धाप लागत नाही, परंतु १० मिनिटांच्या अभ्यासानंतर मांड्या भरून येतात, हा अनुभव नवशिक्याला हमखास येतो.

संथ गतीचे कार्यतत्त्व

जलद हालचालीत शरीराला गतीचा आधार मिळतो. सायकल वेगात असताना तोल सांभाळणे सोपे आणि अगदी हळू चालवताना कठीण असते, हा सर्वांचा अनुभव आहे. ताई चीमध्ये गतीचा हा आधार जाणीवपूर्वक काढून घेतलेला असतो. परिणामी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेताना प्रत्येक क्षणी स्नायू व चेतासंस्था यांना तोल राखण्याचे काम करावे लागते.

मनुष्याचा तोल तीन प्रकारच्या संवेदनांवर अवलंबून असतो : डोळ्यांनी दिसणारे दृश्य, आंतरकर्णातील तोलेंद्रिय आणि तळपाय, घोटे व गुडघे यांतून मेंदूकडे जाणारी स्थितिसंवेदना. वय वाढते तशी या तिन्हींची क्षमता कमी होते. त्यात मोतीबिंदू किंवा मधुमेहामुळे तळपायांना येणारी बधिरता यांची भर पडली की अंधारात उंबरठा ओलांडणेही धोक्याचे ठरते. ताई चीमध्ये तळपायावरील भार कोठे आहे याकडे सतत लक्ष द्यावे लागत असल्याने स्थितिसंवेदनेला सराव मिळतो. गुडघे वाकलेले असल्याने मांडीच्या पुढील स्नायूंना बळकटी येते आणि हेच स्नायू अडखळल्यानंतर सावरण्याच्या कामी येतात. संथ व खोल श्वसनाने परानुकंपी चेतासंस्थेची क्रियाशीलता वाढते आणि हृदयगती व मनाचा ताण कमी होण्यास मदत होते.

येथे एक आक्षेप संभवतो. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला निराळ्या व्यायामाची गरज काय? कष्ट आणि व्यायाम यांतील भेद लक्षात घेतल्यास याचे उत्तर मिळते. रोवणी करणारी स्त्री तासन्‌तास कमरेतून वाकलेली असते. मिरची तोडताना, मोहफुले वेचताना आणि तेंदूपाने गोळा करतानाही तीच स्थिती असते. या कामांत ऊर्जा भरपूर खर्च होते, परंतु शरीरावर एकाच दिशेने ताण पडतो आणि पाठीचा कणा सरळ ठेवून होणाऱ्या हालचालींना वाव राहत नाही. शिवाय हे कष्ट हंगामी असतात आणि वय झाल्यावर एकाएकी थांबतात. ओल्या धुऱ्यावरून डोक्यावर भारा घेऊन सहज चालणारे पाय साठीनंतर अंगणात घसरतात, याचे एक कारण या सराव तुटण्यात असते. बैठे काम करणाऱ्या अध्यापकांची व कार्यालयीन कर्मचाऱ्यांची अडचण याच्या उलट आहे. त्यांच्या शरीराला कोणत्याच दिशेने पुरेशी हालचाल मिळत नाही.

संशोधनातील निष्कर्ष

अ) पडण्याचा प्रतिबंध : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० व्यक्ती पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. अमेरिकेतील अटलांटा येथे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ७० वर्षांवरील २०० व्यक्तींचा समावेश होता. १५ आठवड्यांच्या ताई ची प्रशिक्षणानंतर वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ७० वर्षांवरील ६७० व्यक्तींच्या प्रयोगात आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी एक तास याप्रमाणे २४ आठवडे प्रशिक्षण देण्यात आले. ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटाच्या तुलनेत ताई ची गटात पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर ताकद, तोल व सहनशक्ती यांचा मिश्र व्यायाम करणाऱ्या गटाच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी कमी होते.

आ) रक्तदाब : २०२४ साली चीनमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात उच्च रक्तदाबाच्या पूर्वावस्थेत असलेल्या ३४२ व्यक्तींपैकी एका गटाला ताई ची आणि दुसऱ्या गटाला जलद चालणे, सायकल चालवणे यांसारखा दमश्वासाचा व्यायाम १२ महिने देण्यात आला. वरचा रक्तदाब ताई ची गटात सरासरी ७.०१ आणि दुसऱ्या गटात ४.६१ मिलिमीटरने उतरला. येथे प्रतिबंधाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण या व्यक्ती अद्याप रुग्ण झालेल्या नव्हत्या.

इ) गुडघ्याची संधिझीज : २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २०४ रुग्णांच्या प्रयोगात १२ आठवड्यांची ताई ची आणि प्रमाणित भौतिकोपचार यांची तुलना करण्यात आली. वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत ताई चीचा लाभ भौतिकोपचाराच्या बरोबरीचा ठरला. ज्या गावात भौतिकोपचारतज्ज्ञ सहज उपलब्ध नाही, तेथे या निष्कर्षाचे महत्त्व अधिक आहे.

ई) कंपवात : २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या १९५ रुग्णांच्या प्रयोगात २४ आठवड्यांच्या ताई चीने कंपवाताच्या सौम्य ते मध्यम अवस्थेतील रुग्णांचा तोल सुधारला आणि ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचे पडणे कमी झाले.

उ) प्रतिकारशक्ती : २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५९ ते ८६ वयोगटातील ११२ निरोगी व्यक्ती होत्या. १६ आठवड्यांच्या ताई चीनंतर नागीण या रोगाला कारणीभूत असलेल्या विषाणूविरुद्धची पेशीय प्रतिकारशक्ती वाढल्याचे आणि नंतर दिलेल्या लसीला अधिक चांगला प्रतिसाद मिळाल्याचे दिसून आले.

दाव्यांच्या मर्यादा

वरील निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी त्यांचा अर्थ तारतम्याने लावणे गरजेचे आहे. २०१९ सालच्या कॉक्रेन आढाव्यात १०८ प्रयोगांतील २३,४०७ व्यक्तींची माहिती एकत्रित करण्यात आली. तीनुसार सर्व प्रकारच्या व्यायामांनी मिळून पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, तर ताई चीमुळे होणारी घट १९ टक्के असून या आकड्याची विश्वासार्हता कमी प्रतीची मानलेली आहे. मात्र पडणाऱ्या व्यक्तींची संख्या ताई चीने सुमारे २० टक्क्यांनी कमी होते, हा निष्कर्ष भक्कम आहे. एकेका प्रयोगातील ५८ किंवा ४७.५ टक्के हे आकडे म्हणूनच सरसकट वापरता येत नाहीत.

दुसरे असे की, औषधाच्या प्रयोगात रुग्णाला कोणती गोळी दिली हे लपवता येते, परंतु व्यायामाच्या प्रयोगात तसे करता येत नाही. त्यामुळे अपेक्षेचा परिणाम निष्कर्षात मिसळण्याची शक्यता राहते. शिवाय हे प्रयोग मुख्यत्वे अमेरिका व चीन येथील स्वेच्छेने सहभागी झालेल्या व्यक्तींवर झालेले आहेत. सपाट फरशीवर चालणाऱ्यांचे आकडे शेणाने सारवलेल्या अंगणात आणि चिखलाच्या वाटेवर जसेच्या तसे लागू होतील, असे गृहीत धरणे योग्य नाही.

तिसरे, ताई चीने कर्करोग बरा होतो, मधुमेहाची औषधे सुटतात, असे दावे अधूनमधून केले जातात. त्यांना आधार नाही. ताई ची ही उपचाराची जोड आहे, उपचाराचा पर्याय नव्हे. प्रतिबंध याचा अर्थ धोका कमी होणे असा आहे, रोग होणारच नाही असा नाही.

भारतीय व्यायामपरंपरा आणि ताई ची

महाराष्ट्राला व्यायामाची स्वतःची समृद्ध परंपरा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना करून योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर आणले. विदर्भात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि नागपूरचे जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळ यांचे कार्य सर्वश्रुत आहे. अशा स्थितीत परकीय व्यायामाचा विचार कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे.

या दोन पद्धतींची कामे वेगवेगळी आहेत. योगासनात शरीर एका स्थितीत नेऊन तेथे स्थिर केले जाते. वृक्षासन किंवा गरुडासन यांतून एका पायावरील स्थिर तोल साधतो. ताई चीमध्ये एका स्थितीतून दुसरीत जाण्याच्या क्रियेलाच महत्त्व आहे, म्हणजे तेथे चालता तोल साधला जातो. माणूस पडतो तो बहुधा उभा असताना नव्हे, तर वळताना, उठताना किंवा पाऊल टाकताना. दुसरे असे की, सूर्यनमस्कारात वाकणे, हातांवर भार घेणे व जमिनीवर जाणे अपरिहार्य असते. गुडघे आखडलेल्या सत्तरीच्या व्यक्तीला ते झेपत नाही. ताई ची संपूर्णपणे उभ्याने, आणि गरज पडल्यास खुर्चीचा आधार घेऊनही करता येते. श्वासाकडे लक्ष, सावकाश हालचाल आणि मनाची एकाग्रता या बाबतींत मात्र दोन्ही पद्धती एकमेकींच्या निकट आहेत. तरुणपणी सूर्यनमस्कार व उतारवयात ताई ची, किंवा प्राणायामाला ताई चीची जोड, असा मेळ घालता येणे शक्य आहे.

केशोरीनजीक गोठणगाव परिसरात १९७२ साली वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तेथील बौद्ध परंपरेचा ताई चीशी संबंध असावा, असा समज होऊ शकतो. परंतु तिबेटी परंपरेतील योगक्रिया निराळ्या असून त्यांचे नाते भारतीय तांत्रिक बौद्ध परंपरेशी आहे.

केशोरी परिसरातील उपयोजन

ताई चीचा लाभ मात्रेवर अवलंबून आहे. वरील बहुतेक प्रयोगांत आठवड्यातून किमान दोन तास व १२ ते २४ आठवडे असा अभ्यास झालेला आहे. महाविद्यालयांत २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो, छायाचित्रे काढली जातात, अहवाल जातो आणि पुढील वर्षीच्या जूनपर्यंत चटया कपाटात राहतात. ताई चीचाही असाच एक 'दिन' झाला तर त्यातून आरोग्याच्या दृष्टीने काहीही साध्य होणार नाही. म्हणून उपक्रमाची आखणी स्थानिक ऋतुचक्र पाहून करणे आवश्यक आहे.

धानाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये आणि कापणी-मळणी नोव्हेंबरपर्यंत चालते. या काळात शेतकरी कुटुंबाला वेळ नसतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत सुमारे २४ आठवडे मिळतात. मार्च-एप्रिलमधील मोहफुलांचा व मेमधील तेंदूपानांचा हंगाम पहाटेचा वेळ घेतो. त्यामुळे सायंकाळ अधिक सोयीची ठरेल. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेसाठी अनेक गावांत सायंकाळी माणसे एकत्र येतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. ज्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांनी प्रार्थनेनंतरच्या अर्ध्या तासात हा उपक्रम न्यावा, हे त्या विचाराला धरूनच होईल. अर्ध्या तासाची अशी चार सत्रे झाली तरी आठवड्याचे दोन तास पूर्ण होतात.

उपक्रमाचे टप्पे पुढीलप्रमाणे असू शकतात.

१. पहिले ४ आठवडे : खुर्ची किंवा भिंतीच्या आधाराने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेणे, टाच-चवडा उचलणे, पोटातून श्वसन.
२. पुढील ८ आठवडे : आधाराविना भार सरकवणे, 'ढगांसारखे हात' व पुढे पाऊल टाकण्याच्या तीन-चार हालचाली.
३. उर्वरित १२ आठवडे : या हालचालींचा अखंड क्रम, वळणे आणि एका पायावर क्षणभर थांबणे.

संपूर्ण २४ हालचालींचा क्रम पाठ होणे आवश्यक नाही. ६७० व्यक्तींच्या उपरोक्त प्रयोगातही निवडक ८ हालचालींवरच भर होता.

प्रशिक्षणाची जबाबदारी शारीरिक शिक्षण विभागाने घ्यावी. संचालकाने वुशू किंवा ताई चीच्या अनुभवी प्रशिक्षकाकडून आधी स्वतः शिकून घ्यावे, कारण केवळ चित्रफीत पाहून शिकवल्यास गुडघ्याच्या चुकीच्या स्थितीमुळे अपाय होऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक वृद्धांच्या शेजारी उभे राहून आधार देऊ शकतील. यातून विद्यार्थ्यांना आरोग्यशिक्षणही मिळेल.

परिणामाचे मापन साध्या साधनांनी शक्य आहे. खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन, वळून परत येऊन बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका मानला जातो. एका पायावर १० सेकंद उभे राहता येते का, ही दुसरी चाचणी. ५१ ते ७५ वयोगटातील १,७०२ व्यक्तींच्या ब्राझीलमधील अभ्यासात (२०२२) ज्यांना हे जमले नाही त्यांच्यात पुढील वर्षांतील मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी अधिक आढळला. हा केवळ सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरीही तोल हा एकूण आरोग्याचा निदर्शक आहे, हे त्यातून सूचित होते. उपक्रमाच्या आरंभी व अखेरीस या दोन चाचण्यांची नोंद ठेवल्यास महाविद्यालयाकडे स्वतःची माहिती जमा होईल आणि आज जी आकडेवारी परदेशातून आणावी लागते ती आपल्या परिसरातून उभी राहील.

घ्यावयाची दक्षता

पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आढळतात. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. या रुग्णांना अतिश्रम, शरीरातील पाण्याची कमतरता व थंडी यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी संथ व्यायामही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पुरेसे पाणी पिऊन आणि मध्ये विश्रांती घेत करावा. डिसेंबर-जानेवारीतील थंडीत त्यांनी अंग उबदार ठेवावे.

रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ती परस्पर बंद करू नयेत. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये आणि तो आत वळू देऊ नये. मधुमेही व्यक्तींनी अनवाणी अभ्यास टाळावा. चक्कर येणे, छातीत दुखणे किंवा सांध्यात कळ येणे ही लक्षणे दिसताच थांबून प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा. ज्यांना एकदा पडण्याचा अनुभव आहे त्यांनी पहिले काही आठवडे आधार सोडू नये. पडण्याची भीती हीच हालचाल कमी होण्याचे व पर्यायाने पुन्हा पडण्याचे कारण ठरते. ही भीती घालवण्यास घाई उपयोगी पडत नाही.

निष्कर्ष

१. ताई ची हा मध्यम श्रमाचा, साहित्यविरहित व उतारवयाला मानवणारा व्यायाम असून वृद्धांचे पडणे कमी करण्यातील त्याची उपयुक्तता सर्वाधिक भक्कम पुराव्यावर उभी आहे.
२. रक्तदाबाची पूर्वावस्था, गुडघ्याची संधिझीज व कंपवात या बाबतींत त्याचे लाभ प्रयोगांतून दिसलेले आहेत. रोग समूळ बरे करण्याचे दावे मात्र निराधार आहेत.
३. शेतीतील कष्ट हे तोल व सुस्थिती यांच्या व्यायामाला पर्याय ठरत नाहीत.
४. ताई ची योगाची स्पर्धक नसून पूरक आहे.
५. लाभासाठी किमान १२ ते २४ आठवड्यांचे सातत्य आवश्यक असल्याने एकदिवसीय कार्यक्रमांऐवजी ऋतुचक्राशी जुळणारा उपक्रम हाती घ्यावा लागेल.

केशोरीसारख्या गावात विशेषज्ञ डॉक्टर व मोठे रुग्णालय उभे राहण्यास वेळ लागेल आणि त्यासाठीची मागणी सुरूच राहिली पाहिजे. ताई ची त्या मागणीची जागा घेऊ शकत नाही. परंतु तोपर्यंत गावातील म्हाताऱ्या माणसांचे पाय जमिनीवर स्थिर राहावेत, एवढे काम महाविद्यालयाचे मैदान, एक प्रशिक्षित शिक्षक आणि हिवाळ्यातील संध्याकाळचा अर्धा तास यांतून होऊ शकते.